अमास्याचा चहा

ऐकाच एकदा. माझ्या शहाणपणाबद्दल तुमच्यापैकी कुणाचे काही गैरसमज असतील, तर ते दूर होतील.

मी मूळचा साताऱ्याचा. हवाई दलातली माझी सगळी नोकरी नॅव्हिगेटर म्हणून झाली. म्हणजे विमान कुठे चाललंय हे बाकीच्यांना सांगायचं काम. निवृत्तीनंतर चंदिगडलाच राहिलो. इथे सेक्टरांना नंबर आहेत, रस्ते सरळ आहेत, त्यामुळे माझी ख्याती टिकून राहिली. चंदिगडमध्ये कुणी चुकतं का?

तर आमच्या वरच्या मजल्यावर एलिफ नावाची तुर्की मुलगी भाड्याने राहायला आली. मोहालीला सेक्टर ६७ मधल्या औषधांच्या संस्थेत तिचं संशोधन चाललेलं. पोरगी गोड. संध्याकाळी खाली यायची आणि सुनंदाच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या हातची थालीपीठं खात आपल्या गावाचे फोटो दाखवायची.

गावाचं नाव अमास्या. मधून हिरवट नदी वाहते, काठावर जुनी लाकडी घरं पाण्यावर झुकलेली, आणि मागे उभा कडा. त्या कड्यात कुठल्याशा प्राचीन राजांची थडगी कोरलेली. आपल्याकडे लेणी असतात ना, तशी. माथ्यावर किल्ला. थोडं लांब जंगलात बोराबाय नावाचा तलाव.

एलिफ बोलायची इंग्रजीत, पण गावाची आठवण आली की तुर्कीवर घसरायची. किल्ल्याचा फोटो दाखवून म्हणाली, "काले वर." मग थडग्यांचा फोटो दाखवला, "मेझार वर."

मी चमकलो. किल्ला वर. मजार वर. दोन्ही वरच तर होते!

त्यात ती साबणाला साबुन म्हणायची, हवेला हावा, दुकानाला दुक्क्यान. मग मला काय हवं होतं? मी जाहीर केलं, "सुनंदा, तुर्की भाषा म्हणजे निम्मी मराठीच आहे."

"तिला विचारा की एकदा," सुनंदा म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? ऐकू येतंय की."

हे ऐकायला शेजारचे गुरमीतजी आणि त्यांच्या पत्नी जसबीरभाभीही बसले होते. गुरमीतजी बँकेतून निवृत्त झालेले, सदा पिवळ्या पगडीत, अत्यंत सज्जन माणूस. त्यांनी विचारलं, "भाईसाब, आपको टर्किश आती है? पक्का?"

"पक्का," मी म्हणालो.

झालं. या एका 'पक्का'वर आम्ही चौघं तुर्कस्तानला निघालो.

इस्तंबूलमध्ये सगळ्यांना इंग्रजी येत होतं, त्यामुळे माझ्या भाषाज्ञानाला वाव मिळाला नाही. तो मिळाला अमास्यात. सकाळी भाड्याच्या गाडीने उतरलो. बेत साधा होता. नदीकाठी फिरायचं, थडगी खालूनच बघायची, कारण जसबीरभाभींचे गुडघे कुरकुरत होते. मग चहा घ्यायचा आणि बोराबायला जायचं. एरवी या मंडळींना फिरणं आधी आणि चहा नंतर चालतो, पण त्या दिवशी गारठा असा होता की गुरमीतजी म्हणाले, "पहले चाय, भाईसाब."

कड्याच्या पायथ्याशी एका दुकानाबाहेर दोन-तीन टेबलं मांडलेली. दारात पांढऱ्या मिश्यांचे एक आजोबा पेपर वाचत बसलेले. मी पुढे झालो.

"चाय?"

आजोबा प्रसन्न हसले. "वर, वर," म्हणाले आणि हाताने मागे दाखवलं.

मागे कडा. कड्यावर जाणाऱ्या पायऱ्या.

"चहा वर मिळतो," मी मंडळींना सांगितलं. "चला."

निघालो. मागून आजोबा काहीतरी ओरडत होते. मी वळून हात हलवला. किती अगत्य या लोकांचं, नाही?

वाटेत तिकिटाची खिडकी लागली. थडगी बघायची तिकिटं काढावीच लागली. तिथल्या माणसालाही खात्रीसाठी विचारलं, "चाय?"

तो म्हणाला, "अशाआदा वर."

आता तुम्हीच सांगा, साताऱ्याच्या माणसाने याचा काय अर्थ घ्यावा? अशा वाटेने, वर. इतकं स्पष्ट मराठी तर पुण्यातसुद्धा ऐकू येत नाही. सुनंदा मात्र थांबली होती. "अहो, तो खाली बोट दाखवत होता."

"पायऱ्या दाखवत होता. पाय जपून टाका म्हणून."

चढलो. जसबीरभाभी दर वळणावर वाहेगुरूचं नाव घेत होत्या. गुरमीतजींचा श्वास मला पुढे ऐकू येत होता, पण तो भला माणूस एक शब्द बोलला नाही. माझ्या बोलण्यावर त्याचा विश्वास होता ना.

वर पोचलो. समोर प्रचंड थडगी, अखंड खडकातून सोडवून काढलेली. भोवताली सुसाट वारा. राजे होते, चहा नव्हता.

तिथे एक तरुण बाई फोटो काढत होती. सुनंदाने तिला सरळ इंग्रजीत विचारलं, की इथे चहा कुठे मिळतो? ती म्हणाली, इथे नाही, खाली मिळतो. मग सुनंदाने दुसरा प्रश्न विचारला, जो तिने चंदिगडलाच विचारायला सांगितला होता. 'वर' म्हणजे काय?

"वर म्हणजे आहे," बाई म्हणाली. "आणि अशाआदा म्हणजे खाली."

मग गुरमीतजींनी शांतपणे विचारलं, "भाईसाब, मतलब चाय नीचे थी?"

"जी."

"जहाँ हम खड़े थे?"

"जी."

ते एका राजाच्या उंबऱ्यावर बसले आणि हसायला लागले. इतके हसले की जसबीरभाभींनाही हसू फुटलं. मी खालची नदी बघत राहिलो. सुंदर दिसत होती, पण मला तिच्याकडे बघण्यावाचून पर्यायही नव्हता.

खाली आलो तर आजोबा वाटच बघत होते. त्यांनी फोन काढला, त्यात तुर्की बोलले आणि इंग्रजी भाषांतर आमच्यापुढे धरलं. त्यांना पडलेला प्रश्न असा, की तुम्ही चहा मागितलात, मी आहे म्हणालो, मग तुम्ही डोंगरावर का गेलात?

खरं सांगून मोकळा झालो असतो तर हा किस्सा इथेच संपला असता. पण मी फोनमध्ये बोललो, "आम्ही इतिहासप्रेमी आहोत. आधी राजांचं दर्शन, मग चहा."

आजोबांनी ते वाचलं आणि छातीवर हात ठेवला. डोळे भरून आले त्यांचे. लगेच कुणालातरी हाक मारली. शेजारचा एक गृहस्थ गाडीची किल्ली फिरवत आला. फोनवर नवीन वाक्य उमटलं: असा पाहुणा किल्ला न बघता जाता कामा नये, माझा मित्र घेऊन जाईल.

मी नको म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुनंदा अत्यंत गोड आवाजात इंग्रजीत म्हणाली, "यांना फार आवडेल. आम्ही थांबतो इथे."

गाडी जिथवर जाते तिथवर गेली. पुढे पुन्हा पायऱ्या. त्या गृहस्थाने मला प्रत्येक बुरूज हात लावून दाखवला, प्रत्येकाबद्दल तुर्कीत सविस्तर सांगितलं आणि मी इतिहासप्रेमी असल्यामुळे मान डोलवत राहिलो. खरं सांगतो, जागा अप्रतिम होती. अख्खं गाव पायाशी, नदीचं वळण, लाल कौलं. आणि पायथ्याच्या एका टेबलाशी पिवळ्या पगडीचा बारीक ठिपका, निवांत.

उतरून आलो तेव्हा आमचा ड्रायव्हर घाई करत होता. बोराबायला उजेडात पोचायचं होतं. मंडळी गाडीत बसलेली, गालांवर लाली. टेबलावर चहाचे रिकामे, नाजूक कमरेचे पेले. आजोबांनी मला मिठी मारून गाडीत बसवलं.

बोराबाय एलिफने सांगितलं होतं तसंच निघालं. दाट झाडी, मध्ये निश्चल हिरवं पाणी. चौघं काठावर बसलो, फार छान वाटलं.

आता घरी कुणी आलं की सुनंदा सांगते, साऱ्या तुर्कस्तानात चहा प्यावा तर अमास्याच्या त्या आजोबांकडे. गुरमीतजी मान डोलवतात, भाभी मान डोलवतात. मग पाहुणे माझ्याकडे वळून विचारतात, इतकं काय होतं हो त्या चहात?

मी किल्ल्याची माहिती देतो.