भैरोबाचं सोंग आणि वकीलपत्रावरची सही

गुरुवारी सकाळी मोखाड्याहून पोलिसांची गाडी आमच्या पाड्यावर आली आणि माझ्या भावाला, काळूला, घेऊन गेली. वडिलांचं सुतक संपलं नव्हतं.

मी जव्हारला एका वाचनालयात काम करते. या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे, आणि दर वेळी मनात म्हणत आले आहे – झोप कमी, भीती जास्त, उरलेलं सांगणाऱ्याच्या पदरचं. भगत, अंगात येणं, गेलेल्या माणसाचं दिसणं... लहानपणापासून हे सगळं भोवती होतं, म्हणूनच कदाचित माझा त्यावर कधी विश्वास बसला नाही. आजही बसला आहे असं मी म्हणणार नाही. पाहिलं तेवढं लिहिते. सावकाश लिहिते, कारण वडिलांविषयी लिहिताना मधेच थांबावं लागतं.

आमचा पाडा सूर्यमाळच्या बाजूला, डोंगरावर. नाचणी, वरई, खालच्या अंगाला थोडा भात. फाल्गुन संपला की पाण्याची बोंब. पाड्यावर चालणारी बोअरवेल एकच, आणि तिच्या मोटरची खोली देवरामच्या जागेत. या वर्षी होळीनंतर देवरामचं आणि वडिलांचं बांधावरून भांडण झालं. त्याने खोलीला कुलूप घातलं आणि आमचं घर सोडून बाकीच्यांना पाणी द्यायला लागला. वडील म्हणाले, "पानी काय त्याच्या बापाचा हाय?" आणि कॅन घेऊन दरीतल्या झऱ्यावर जायला लागले. एका दुपारी ते परत आले नाहीत. काळूला ते उतरणीवर सापडले. कॅन कोरडा होता. झऱ्यापर्यंत ते पोचलेच नव्हते.

त्याच आठवड्यात आमच्या पाड्याचा बोहाडा होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. बोहाड्यात देवादिकांची सोंगं रात्रभर नाचतात, पुढे टेंभे, मागे संबळ. एकेक सोंग एकेका घराण्याचं असतं. मुखवटा त्या घरात ठेवतात आणि त्याच घरातला पुरुष तो चढवतो. भैरोबा आमच्या घराचा. मुखवटा चढला की माणसाचं नाव संपलं, त्याला कोणी नावाने हाक मारत नाही. डोळ्यांच्या भोकांतून आतला चेहरा बघायचा नाही, अशी आमच्याकडे सक्त रीत आहे. लहान पोरंसुद्धा मान खाली घालतात. घरात सुतक असेल तर सोंग निघत नाही. त्याची पाळी आली की संबळवाला नुसती चाल वाजवतो, नाचायची जागा मोकळी सोडतात, आणि लोक त्या मोकळ्या जागेच्या पाया पडतात.

त्या रात्री आई, काळू आणि मी घरात होतो. भैरोबाची चाल वाजायला लागली तशी आई उठून बसली. काळूने भिंतीकडे तोंड केलं. मग एकदम आरडाओरडा झाला. पण सुतकात होतो, दार उघडलं नाही.

सकाळी पोलीस आले तेव्हा कळलं. भैरोबा निघाला होता. देवरामचं डोकं फुटलं होतं, त्याला नाशिकला नेलं होतं. पाड्यावरचं प्रत्येक माणूस एकच सांगत होतं – भैरोबाने मारलं. आणि भैरोबा म्हणजे आमचं घर, आमच्या घरात पुरुष आता एकच. कोणी खोटं बोलत नव्हतं. चेहरा मात्र कोणीही पाहिलेला नव्हता.

मुखवटा माळ्यावरून मीच काढून दिला. तो वडिलांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेला होता. गाठ सोडली तर दोन्ही डोळ्यांच्या भोकांवर कोळ्याचं जाळं. हवालदाराने फुंकर मारली आणि त्यालाच शिंका येत राहिल्या. उजवा कान वर्षापूर्वी तुटलेला, तो तसाच होता.

दुपारी लक्ष्मणबाबा आला. पाड्यातला सगळ्यात म्हातारा माणूस, आमच्या वडिलांचा चुलता.

"काळूला सांग, हां बोल. चूक झाली म्हन. देवरामच्या घरचे आपलेच हायेत, बसून मिटवू."

"बाबा, हे पोलिसांत गेलंय. आता बसून मिटत नाही. वकील लागेल."

"मंग सरकारी वकील हाय ना! फुकट हाय, त्याला कर."

"सरकारी वकील आपल्या विरुद्ध बोलतो बाबा."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. "सरकारचा मानूस आपल्या विरुद्ध," तो म्हणाला, "हां, तं नवा काय त्यात?" त्या दिवसांत मी हसले ती तेवढीच.

जव्हारला कोर्टाजवळ झेरॉक्सच्या दुकानावर एका वकिलांचं ऑफिस आहे. आमच्या वाचनालयाचे ते सभासद, जाड जाड चरित्रं नेतात आणि उशिरा परत करतात. मी तशीच त्यांच्याकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"खरं सांगा बाई, भावाने मारलं का?"

"नाही. तो घरात होता. माझ्या शेजारी."

"सगळ्या बहिणी हेच सांगतात. मुखवटा कुठे होता?"

"माळ्यावर. त्याच्यावर जाळं होतं. हवालदाराने पाहिलंय, पंचांनी पाहिलंय."

"मग नाचला तो कुठला?" असं म्हणून त्यांनी मोबाईल माझ्यासमोर ठेवला. बोहाड्याचा व्हिडिओ होता. कोणीतरी ग्रुपवर टाकलेला, पोलिसांकडेही तोच होता. "नीट बघा. यात तुमचा भाऊ दिसला तर आत्ताच सांगा. कोर्टात दिसलेला मला परवडणार नाही."

खाली झेरॉक्सचं मशीन चालू होतं. खिडकीतून ऊन टेबलावर आलं होतं. मी पाहायला लागले.

टेंभ्यांच्या उजेडात भैरोबा आला. उजवा कान तुटलेला. संबळाची लय वाढली आणि त्याने गिरकी घेतली – डावीकडून.

आमचे वडील तरुणपणी ताडावरून पडले होते. उजव्या गुडघ्यावर भार घेता येत नसे. सगळी सोंगं उजवीकडून वळतात, ते डावीकडून वळायचे. आधी डावा खांदा खाली जायचा, मग पाय उचलायचा, आणि मधे क्षणभर असं वाटायचं की आता पडतात. काळू लहानपणी त्यांची नक्कल करायचा, पण त्याला ते कधी जमलं नाही. तोल सावरायची त्याला गरजच नव्हती ना...

डावा खांदा खाली गेला. क्षणभर वाटलं, आता पडतात.

मी व्हिडिओ थांबवला नाही. भैरोबा नाचत कडेला आला आणि देवरामसमोर उभा राहिला. लाकडी तलवार त्याने काखेत धरली. मग वाकून दोन्ही हातांची ओंजळ केली आणि तोंडाजवळ नेली, मुखवट्याच्या तोंडाजवळ. वरून कोणी पाणी ओतणार असेल तर आपण वाकतो, तसं. देवराम मागे सरला. भैरोबा एक पाऊल पुढे आला आणि पुन्हा ओंजळ केली. मग धूर आला, मोबाईल हलला. चित्र स्थिर झालं तेव्हा देवराम दगडांत पडला होता आणि त्याच्यासमोर कोणी नव्हतं. संबळ वाजतच होता.

"तलवार शेवटपर्यंत काखेत आहे," वकील म्हणाले. "मारताना दिसत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हा तुमचा भाऊ आहे?"

"नाही."

"कोण आहे ते माहीत आहे?"

मी व्हिडिओ पुन्हा गिरकीपाशी नेला. वकिलांनी मोबाईल पालथा ठेवला. त्यांनी वडिलांना पाहिलं होतं, ते वाचनालयात मला भाजी द्यायला यायचे. लंगडत पायऱ्या चढताना पाहिलं होतं.

"बाई, एक लक्षात ठेवा," ते हळू आवाजात म्हणाले. "तो कोण होता हे शोधणं आपलं काम नाही. तुमचा भाऊ होता हे सरकारने सिद्ध करायचं. आपण तेवढं नाकारायचं आणि थांबायचं. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही." त्यांनी वकीलपत्र पुढे केलं. "उद्या त्याला कोर्टात आणतील. सही घ्या. सहीशिवाय मी उभा राहू शकत नाही."

कोर्टाच्या व्हरांड्यात काळू बाकावर बसला होता, शेजारी एक पोलीस. मी कागद पुढे केला. त्याने हात मागे घेतले.

"मी सही नाय करनार बाय. मी हां बोलनार हाय."

"काळू, तू माझ्या शेजारी झोपला होतास."

"तुला माहीत, मला माहीत. पन मी नाय म्हटला तं विचारतील, मंग कोन? लोकांनी बघलाय तो कसा फिरला. घाबरून बोलत नाय कोनी. कोर्टात बोलतील. आपल्या बाबाचा नाव घेतील. मेलेल्याला गुन्हेगार करतील."

"तुला कोणी सांगितलं तो कसा फिरला ते?"

"कोनी नाय. संबळ ऐकला ना मी. डावा पाय पडायचा तिथं संबळवाला थांबत होता. तो बाबासाठीच थांबतो."

पोलीस म्हणाला, "ताई, आटपा. आत पुकारा होईल."

मी काळूला वकिलांचं बोलणं सांगितलं. कोण होतं हे आपल्याला सांगायचं नाही. तू नव्हतास, एवढंच.

त्याने ते मनात फिरवून पाहिलं. "म्हंजे कोर्टात पन सोंगाच्या आतला तोंड नाय बघत?"

"आपल्याला दाखवावं लागत नाही."

"बाबाचा नाव?"

"नाही येणार."

त्याने पोलिसाकडेच पेन मागितलं. त्याने सही करेपर्यंत मी कागद बाकावर धरून ठेवला.

सरकारी वकील म्हणाले, याने नाही तर मग कोणी? आमचे वकील उठले आणि म्हणाले, ते सांगायची जबाबदारी माझ्या अशिलावर नाही. चेहरा पाहिलेला साक्षीदार एकही नाही, मुखवटा जप्त केला तेव्हा त्यावर जाळं होतं. जामीन मिळाला.

पावसाळ्याच्या तोंडावर देवराम आमच्याकडे आला. डोक्याला अजून पट्टी होती. उंबऱ्याच्या आत आला नाही. आईला म्हणाला, "वयनी, मला कोनी नाय मारला. मी मागं सरताना पडलू."

मी म्हटलं, "मग पोलिसांना हे सांग. दवाखान्यात दिलेला जबाब बदल. काळू सुटेल."

"नाय जमनार."

"का?"

"तिथं विचारतील, मागं का सरलास." त्याने डोक्यावरची पट्टी चाचपली. "मी बघला, बाय. डोळ्यांच्या भोकांतून आत बघला."

आईने विचारलं, "काय होता?"

तो वळला आणि निघून गेला. त्याच दिवशी मोटरच्या खोलीचं कुलूप निघालं. जबाब मात्र त्याने आजवर बदललेला नाही.

मी माझ्या परीने शोधलं. दुसरा मुखवटा कोणी बनवला असेल? तुटलेल्या कानासकट? वडिलांची गिरकी कोणी शिकलं असेल? पाडा एवढासा आहे, त्या रात्री कोण कुठे होतं हे सगळ्यांना माहीत आहे. संबळवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मी वर बघतच नाय. पाय बघून वाजवतू." कोणाचे पाय होते, हे मी त्याला विचारलं नाही. वकील आणि मी, आम्ही दोघं त्यावर बोलत नाही.

खटला चालू आहे. काळू जामिनावर आहे, त्याला दर सोमवारी मोखाड्याच्या ठाण्यात हजेरी द्यावी लागते. मी रजा काढून त्याच्याबरोबर जाते.