बायजाबाईंच्या गौरीतलं जांभळं फूल

सत्तावन्न साली मी तळवलीच्या शाळेत रुजू झालो. गावच्या तळ्यात तेव्हा जिताडे पोसलेले असत. लग्न असेल किंवा मोठा पाहुणा आला असेल, तरच त्यांतला एखादा निघे. या माशांची राखण बायजाबाई करत. नेमणूक कोणी केली नव्हती. घर काठावर आणि आवाज पैलतीरापर्यंत पोचणारा, म्हणून ते काम त्यांच्याकडे आलं होतं.

पुढच्या भाद्रपदात ठाण्याहून भाजी विकून परतताना एका तळ्यातली जांभळ्या फुलांची रोपं त्यांनी आणली. तेरड्याच्या गौरीत ती इतकी शोभली की बायका पुन्हापुन्हा बघायला आल्या. कुठून आणली विचारलं, तर बायजाबाई ऐटीत म्हणाल्या, "गौरायनं दिली."

रिवाजाप्रमाणे गौर मुळांसकट तळ्यात सोडली. तेरडा कुजला. ती रोपं मात्र जलपर्णीची. ती पसरत गेली. माघ सरेपर्यंत अर्धं तळं झाकलं आणि जिताडे श्वासासाठी वर येऊन तोंड उघडू लागले. पण गौरीचा प्रसाद उपटणार कोण?

मी शेतकी खात्याचं जलपर्णीवरचं माहितीपत्रक शाळेच्या भिंतीवर चिकटवलं. बायजाबाईंनी ते लांबूनच पाहिलं.

"मास्तर, कागूद बरा हाय. पन वाचनार कोन? तुमीच ना?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी दारात पाण्याचं घंगाळ ठेवलं आणि त्यात जलपर्णीचं एकच रोप सोडलं. पाण्याला जाणाऱ्या प्रत्येक बाईला त्या थांबवत. "मोज गो, आज किती झाले?" पहिल्यांदा बायका हसल्या, मग स्वतःहून मोजू लागल्या. महिन्याभरात घंगाळात पाणी दिसेना.

"इवल्या घंगालाची ही गत, मंग तल्याची काय व्हनार?" बायजाबाई म्हणाल्या.

त्यांची नणंद सगुणा तिथेच होती. "पन वैनी, गौरायनं दिलेलं उपटायचं कसं?"

बायजाबाईंनी घंगाळातलं एक रोप मुळांसकट उचललं. मग म्हणाल्या, "गौरायनं नाय दिलं. मीच ठान्याशी उपटून आनलं. मिरवायला खोटं बोलले."

"आनि आमी त्याला हलदकुंकू वाह्यलं!" सगुणा म्हणाली. आधी तीच हसली, मग सगळ्या.

आठ दिवस अख्खं गाव तळ्यात उतरलं होतं. उपसलेली जलपर्णी बांधावर वाळवून जाळली. त्यानंतर दर विसर्जनाला बायजाबाई काठावर उभ्या राहत. प्रत्येक गौर हातात घेऊन मुळं तपासत, मगच पाण्यात सोडू देत. सगुणाची तर दोनदा तपासत.

सहासष्ट साली माझी खारघरला बदली झाली. निघायच्या दिवशी बायजाबाई केळीच्या पानात गुंडाळलेला जिताडा घेऊन आल्या.

"खारघरला तलं हाय ना, मास्तर?"

"आहे की."

"मंग तिथल्या बायांना आधी घंगाल दाखवा, कागूद मागनं," असं म्हणून त्यांनी मासा माझ्या बायकोच्या हातात दिला.