बाईंची पितळी नळकांडी

मंगळवारी सकाळी सीमेवर तोफगोळा पडला आणि माझा नवरा गेला. दुपारी निरोप आला. बाई पेटी वाजवत होत्या. त्यांनी भाता मिटला आणि पुन्हा कधी उघडला नाही.

बाई म्हणजे माझ्या सासूबाई. शाळेत गाणं शिकवायच्या, म्हणून सगळं पडेगाव त्यांना बाई म्हणे, घरात मीही. कुणाचा स्वर केसभर ढळला तरी त्यांच्या कपाळावर आठी उमटायची.

वर्षश्राद्ध झालं आणि बाईंनी छावणीतल्या भंगारवाल्याकडून तोफगोळ्यांची रिकामी पितळी नळकांडी आणली. अंगणात लोखंडी चौकटीला ती टांगली, शेजारी लाकडी हातोडी ठेवली. मग महिनाभर कानस घेऊन एकेकाची कड घासत बसल्या. मला वाटलं, स्वर जुळवतायत. त्या मोडत होत्या. कुठल्याही दोन नळकांड्यांचं एकमेकांशी जमू नये, म्हणून.

भेटायला येणाऱ्यानं आधी हातोडी उचलायची, असा त्यांचा नियम. कुणी बिचकत टिचकी मारली की म्हणायच्या, "जोरात मारा. माझ्या पोराला कुणी हळू मारलं नाय."

सव्वीस जानेवारीच्या आधी वस्तीतल्या मंडळाचे अध्यक्ष आले. "बाई, यावर देशभक्तीचं एखादं गाणं बसवू. पोरं वाजवतील, पेपरात फोटो येईल."

"वाजवा की. निघतंय का बघा."

अध्यक्षांनी बराच वेळ ठोकलं. शेवटी घाम पुसत म्हणाले, "कायतरी बिघडलंय यात."

"व्हय," बाई म्हणाल्या. "चहा घेता?"

हातोडी न उचललेली मी एकटी. ज्यानं नवरा नेला त्याचा आवाज माझ्या हातानं काढायचा नाही, एवढंच माझं होतं. पुढं नाशिकच्या कॉलेजात मला ग्रंथपालाची जागा मिळाली. जाते म्हटल्यावर बाई म्हणाल्या, "एकदा मार, मंग जा. न मारता गेलीस तर मला सून नव्हतीच." मारणं होईना, आणि तसं निघणंही होईना. मी भरलेली बॅग रिकामी केली. संध्याकाळी पाहिलं, तर मी वाचत होते त्या पुस्तकाला त्यांनी खाकी कव्हर घातलं होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात बाई अंथरुणाला खिळल्या. खाट खिडकीशी ओढून घ्यायला लावली. अन्न सोडलं. "आता तरी," एवढंच म्हणायच्या. एका दुपारी मी अंगणात गेले, हातोडी उचलली आणि सगळ्या ताकदीनं मारलं. शेजारचे लोक बाहेर आले. मी आत आले तेव्हा बाईंनी तोंड भिंतीकडं केलं होतं.

"एवढंच होतं," त्या म्हणाल्या. "जा आता."

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. आठवड्याच्या आत गेल्या.

नाशिकची जागा केव्हाच भरली. मी पडेगावातच राहते. लोक अजून येतात, नळकांडी वाजवतात आणि जातात.