शेजाऱ्याचा सत्कार

आमच्या मंडळाचा तो गणेशोत्सव आठवला की अजूनही शिसारी येते. मंडळाची येते, आणि त्याहून जास्त माझी स्वतःची.

अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात आमच्या शेजारी एक निवृत्त आइस हॉकी खेळाडू राहायचा. व्यावसायिक संघातून खेळलेला, पन्नाशी ओलांडलेला, दार भरून उरेल असा माणूस. मिनेसोटात हॉकीचं वेडच, त्यामुळे पेट्रोल पंपावरसुद्धा लोक त्याला ओळखायचे. पण गोलांसाठी नव्हे. गोल त्याने फारसे केलेच नव्हते. आपल्या संघातल्या हुकमी खेळाडूला कुणी धक्का दिला, की हातमोजे फेकून त्या माणसाला बुकलून काढायचं, हे त्याचं काम. पंचही जरा वेळ बघत राहतात आणि हजारो लोक उभे राहून ओरडतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी म्हटलं होतं, हा खेळ आहे की कोंबड्यांची झुंज? मग दोन-चार हिवाळे गेले आणि मीही उभा राहून ओरडायला लागलो.

त्याची बोटं सगळी वाकडी झाली होती. बरणीचं झाकण त्याला उघडता येत नसे. डोक्याचंही काही खरं नव्हतं. बर्फ पडला की स्वतःचं बर्फ काढायचं मशीन घेऊन तो न सांगता आमचा ड्राइव्हवे साफ करायचा. तासाभराने परत यायचा आणि साफ झालेल्या सिमेंटवरून पुन्हा तेच मशीन फिरवायचा. मी खिडकीतून हसलो, तेव्हा बायको म्हणाली, "हसतोस काय? त्याला आठवत नाहीये."

मंडळाच्या अध्यक्षांना हा माझा शेजारी असल्याचं कळलं आणि त्यांनी मला धरलंच. "अरे यार, एवढा मोठा माणूस तुझा नेबर, आणि तू आत्ता सांगतोयस? गणपतीला चीफ गेस्ट म्हणून इन्व्हाइट कर. शाल-श्रीफळ देऊ, मुलं एकदम खूश!"

मी गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं. तिने सगळं ऐकून घेतलं. "येईल तो," ती म्हणाली, "माणसांत त्याला बरं वाटतं. फक्त मारामारीचे व्हिडिओ दाखवू नका. ते जुने आहेत हे त्याला कळत नाही. मग त्याला ओकाऱ्या होतात, दोन-दोन दिवस जेवत नाही."

मी शब्द दिला. तिने माझा हात हातात घेतला होता, तेही आठवतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी अध्यक्षांनी फोनवर व्हिडिओ पाठवला. नुसत्या मारामाऱ्या, आणि खाली ढोल-ताशा. मी तो कुर्त्याला इस्त्री करता करता पाहिला. त्याच क्षणी फोन करून 'हे कॅन्सल करा' एवढंच म्हणायचं होतं. पण पाहुण्यांचा परिचय मी करून देणार होतो, कुर्ता नवा होता, अध्यक्षांशी वाकडं घ्यायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर व्हिडिओ मला आवडला होता. उलट मी पसंतीचा अंगठा पाठवला.

शाळेचा हॉल खचाखच भरला होता. त्याला शाल पांघरली, हातात नारळ दिला, शेजारच्या खुर्चीवर मी. दिवे मालवले आणि पडद्यावर तो तरुण होऊन एकाचं नाक फोडू लागला. मोदक खाऊन तृप्त झालेले काका-काकू टाळ्या पिटत होते. मुलं "फाइट! फाइट!" म्हणून नाचत होती. अध्यक्षांनी माइक घेतला. "सर, वन पंच! नारळ फोडून दाखवा!"

त्याने मूठ वळायला सुरुवात केली. गर्दीने सांगितलं की करायचं, एवढंच त्याला आयुष्यभर शिकवलं होतं. ती बोटं धड मिटतही नव्हती. पहिल्या रांगेतून त्याची बायको उठली, स्टेजवर आली आणि तिने त्याच्या मांडीवरचा नारळ काढून घेतला. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. लोकांना ती गंमत वाटली, लोक हसले.

पडद्यावरची शेवटची मारामारी संपली. समोरचा खेळाडू बर्फावर पालथा पडला होता, आणि तिथेच व्हिडिओ कापलेला होता. दिवे लागले. त्याने माझी बाही धरली आणि अगदी हळू विचारलं, "तो उठला का?"

"हो," मी म्हणालो. "उठला."

पार्किंगमध्ये तो गाडीला टेकून ओकला. त्याच्या बायकोने आमच्याच शालीने त्याचं तोंड पुसलं, शाल कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि गाडी काढली. मी पाण्याची बाटली घेऊन तिथे नुसता उभा होतो.

यंदाच्या हिवाळ्यात तो गेला. टीव्हीवर त्याच मारामाऱ्या दाखवून श्रद्धांजली वाहिली. आमच्या मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी तो ढोल-ताशाचा व्हिडिओ पुन्हा टाकला आणि त्याखाली हात जोडलेले, अंगठे, बदामाचे लाल आकार, नुसता पाऊस. मी ग्रुप सोडला. मोठा तीर मारला! तेव्हा अंगठा माझाच पहिला होता.

परवा बर्फ पडला. मी फावडं घेऊन आधी त्यांच्या दारातला काढायला गेलो. त्याची बायको बाहेर आली आणि म्हणाली, "राहू दे." मी परत फिरलो.

व्हिडिओत पालथा पडलेला तो खेळाडू त्या दिवशी बर्फावरून उठला होता की नाही, हे मला शोधून सहज कळेल. मी अजून शोधलेलं नाही.