श्रीरंगचे तळपाय

मधुराचा फोन आला तेव्हा मी आयर्लंडमधल्या स्लायगोच्या हॉस्पिटलातली ड्यूटी संपवून, मास्कचे वळ चोळत गाडीत बसले होते. "ताई, श्रीरंग गेला हो," एवढंच ती म्हणाली. श्रीरंग माझा मावसभाऊ, मधुरा त्याची बायको. दोघं डब्लिनला चेरीवूडमध्ये राहायचे, तिथल्याच एका कंपनीत तो सॉफ्टवेअरचं काम करायचा. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "मूर्ख!" मधुराला वाटलं मी रडतेय. मी रडत नव्हते, मी संतापले होते. मी भूलतज्ज्ञ आहे. त्या वर्षभरात मी मरणं इतकी पाहिली होती की रडू केव्हाच आटलं होतं. पण ज्यांना जगायचं होतं आणि जगता आलं नाही अशी ती माणसं होती. श्रीरंग मेला तो कोविडनं नव्हे, पायाला झालेल्या जखमेनं. एकविसाव्या शतकात, शिकलासवरलेला, गाडीनं दहा मिनिटांवर दवाखाना असलेला माणूस पायाच्या जखमेनं मरतो, याला दुसरा कुठला शब्द आहे?

अंत्यसंस्काराला दहाच माणसांची परवानगी होती. माझी ड्यूटी सुटेना, म्हणून मी तो वेबकॅमवर पाहिला. तेराव्या दिवशी तिथल्या मराठी मंडळानं झूमवर श्रद्धांजली ठेवली. श्रीरंग या मंडळाला जन्मभर नावं ठेवत आला होता. स्पोर्ट्स हॉलमधला गणपती, फ्रोझन पुरणपोळ्या, "आपली संस्कृती"वरची भाषणं, सगळ्याला तो नाक मुरडायचा, आणि अगदीच चुकीचं मुरडायचा असंही नाही. अध्यक्षांनी पाठीमागे बांबूच्या बनाचं चित्र लावलं होतं. कुणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. अध्यक्ष म्हणाले, "श्रीरंगजी जपानमधल्या एका अज्ञात बुद्धमंदिरात चालत गेले. हिमवर्षावात अनवाणी. उकळत्या पाण्यात पाय ठेवून बसले आणि त्यांना काही जाणवलं नाही. देहभान हरपणं म्हणजे दुसरं काय असतं?" लगेच पडद्यावर जोडलेल्या हातांची चित्रं तरंगायला लागली. एका बाईंनी डोळे टिपले. यातल्या कितीजणांनी आपापल्या गावातल्या बुद्धविहारात कधी पाऊल टाकलं असेल? घरापासून चालत जाण्यासारखा विहार असतो, पण तिथं जायचं मनातसुद्धा येत नाही. बुद्ध जपानचा असला की मात्र यांचे हात आपोआप जुळतात. मधुरा एका कोपऱ्यातल्या चौकोनात मान खाली घालून ऐकत होती. मी म्यूट होते, तशीच राहिले.

कारण त्या देवळात श्रीरंगच्या बरोबर मी होते. आणि तिथं काय झालं ते अध्यक्षांपेक्षा मला थोडं जास्त माहीत आहे.

आम्ही दोघं मिरजेत एकाच गल्लीत वाढलो. मी थोडी मोठी, पण त्यानं मला कधी ताई म्हटलं नाही, विजूच म्हणायचा. लहानपणापासून तो असाच. सगळी पोरं क्रिकेट खेळतात म्हणून हा खेळायचा नाही. सगळे इंजिनिअरिंगला जातात म्हणून महिनाभर रुसून बसला आणि मग इंजिनिअरिंगलाच गेला. चार माणसं जिथं जातील तिथं न जाणं, हे त्याचं आयुष्यभराचं कर्तृत्व. आयर्लंडला आल्यावर ऑफिसात कुणी ध्यानाचा वर्ग काढला तर हा त्याची टर उडवायचा, कुणी घड्याळावर पावलं मोजली तर त्याचीही. मी त्याला तोंडावर सांगायची, "तू काही वेगळा नाहीस, नुसता आखडू आहेस." त्यावर तो खूश व्हायचा.

वीस सालच्या जानेवारीत कंपनीनं त्याला कामासाठी ओसाकाला पाठवलं. मधुराला रजा मिळेना, माझी शिल्लक होती, म्हणून मी शेवटच्या आठवड्यात त्याच्या मागं गेले. प्रसिद्ध देवळं बघायची माझी फार इच्छा होती, पण तो कसला ऐकतोय! "जिथं सेल्फीस्टिक पोचली तिथं बघण्यासारखं काही उरत नाही, विजू." त्यानं कुठून तरी असं देऊळ शोधून काढलं, ज्याच्याबद्दल इंटरनेटवर कुणी एक ओळ लिहिली नव्हती. तिथं बस जात होती. पण बसनं गेलं की ती सहल होते म्हणे. मग एका चिमुकल्या स्टेशनावर उतरून, चहाच्या मळ्यांमधून आणि उंच काळ्या झाडांतून, बर्फमिश्रित भुरभुर अंगावर घेत आम्ही चाललो. वाटभर तो जपानी माणसाच्या साधेपणावर शहाणपण पाजळत होता. मी दुकानातून घेतलेले भाताचे त्रिकोणी गोळे खात होते आणि मनातल्या मनात त्याला शिव्या देत होते. देऊळ मात्र खरंच छान होतं. शेवाळलेलं छप्पर, एक घंटा, खडी पसरलेलं अंगण, चिटपाखरू नाही. आतून टीव्हीचा आवाज येत होता, तेवढ्यानं श्रीरंगचा चेहरा जरा उतरला.

दरवाज्याशीच त्यानं बूट काढले, मोजेही काढले. मी म्हटलं, "अरे, इथं गाभाऱ्याच्या पायरीशी काढतात. अंगणात कुणी अनवाणी जात नाही." "देवळाच्या आवारात बूट? मिरजेचं वळण विसरलीस वाटतं! आणि मला जपान शिकवू नकोस." आमच्याकडचा माणूस दुसरं काय करणार? चपला बाहेरच्या बाहेर काढायच्या, हे अंगातच मुरलेलं. तो निघाला. वितळत्या बर्फानं भिजलेली टोकदार खडी, आणि हा सतरंजीवरून चालावं तसा चालत होता. मी बूट घालून मागे होते आणि त्याच्या पायांकडे बघत होते. अशा खडीवर माणूस कसा चालतो ते मला माहीत आहे. तो आखडतो, तोल सांभाळतो, तोंड वाकडं करतो. हा तसलं काहीच करत नव्हता.

आतून एप्रन घातलेली एक म्हातारी बाई आली. पुजाऱ्याची आई असावी. तिनं त्याचे पाय पाहिले आणि किंचाळलीच. ओढत ओढत आम्हाला देवळाच्या मागच्या बाजूला तिच्या राहत्या खोलीत नेलं. तिथं रॉकेलचा हीटर होता, त्यावर किटली उकळत होती. तिनं घमेल्यात ते पाणी ओतलं, हातानं "थांबा" अशी खूण केली आणि विसणाला गार पाणी आणायला आत गेली. तेवढ्यात श्रीरंगनं दोन्ही पाय पाण्यात सोडले. "वा, मस्त कोमट आहे," म्हणाला. पाण्यातून वाफा येत होत्या. मी बोट बुडवलं आणि चटका बसून मागं घेतलं. मग त्याच्या पोटऱ्या धरून पाय ओढून बाहेर काढले. तळवे लालभडक झाले होते, आणि हा हसत विचारत होता, "काय झालं?" म्हातारी बादली घेऊन आली, तोंडावर हात ठेवला आणि मग चटईवर डोकं टेकून माफी मागायला लागली. तिची काही चूक नव्हती. हा तिला "ग्रँड, ग्रँड" म्हणत होता, डब्लिनला कुणाला "ठीक आहे" सांगावं तसं. मी किती तरी वेळ त्याच्या पायांवर गार पाणी ओतत बसले. मूर्ती आम्ही पाहिलीच नाही. परत आलो ते बसनं.

बसमध्ये मी विचारलं, "पायांना कळेनासं कधीपासून झालंय?"

"मला सगळं कळतं."

"शुगर आहे ना तुला?"

"थोडी आहे म्हणाले होते."

"श्रीरंग, मावशीचं आठवतंय ना?"

"आईचं नाव काढू नकोस, विजू." माझ्या मावशीचा, म्हणजे त्याच्या आईचा पाय आम्ही कॉलेजात असताना गुडघ्याखाली कापला होता. कारण हेच. मुंग्या आल्या, मग मुंग्या थांबल्या, मग ठेच लागली ती तिला कळलीच नाही. तिला उचलून अंगणातल्या उन्हात बसवायचं काम श्रीरंग करायचा. त्यामुळे त्याला हे समजावून सांगायची गरज नव्हती. तरी मी सांगितलं. परत आल्यावर त्याला डॉक्टरकडे जायला लावलं, गोळ्या सुरू झाल्या. आणि त्याच आठवड्यात एका जेवणाच्या बैठकीत त्यानं ही गोष्ट रंगवून सांगितली. बर्फात अनवाणी गेलो, उकळत्या पाण्यात पाय घातले, काही वाटलं नाही! मंडळी थक्क. मी म्हटलं, "अहो, हा आजार आहे." तर एक गृहस्थ हसून म्हणाले, "डॉक्टरांना सगळीकडे आजारच दिसतो." तिथून ही गोष्ट वाढत गेली. रोगाच्या लक्षणाला टाळ्या वाजवणारी अशी माणसं मी तोवर पाहिली नव्हती, आणि टाळ्या घेणाराही पाहिला नव्हता.

मग लॉकडाऊन लागला. आधी घरापासून दोन किलोमीटर, मग पाच, मग आपली काउंटी, म्हणजे जिल्हा, त्यापलीकडे जायचं नाही. मी स्लायगोला अडकले, तो डब्लिनला. दर रविवारी फोन. मी विचारायची, "तळपाय बघतोस का रोज?" तो म्हणायचा, "तुम्हा लोकांना धंदा कमी पडला की काय?" व्हिडिओवर पाय दाखव म्हटलं की कॅमेरा छताकडे. कसा आहेस? ग्रँड. घरी ब्रेड भाजणाऱ्या शेजाऱ्यांवर, खिडकीतून टाळ्या वाजवणाऱ्यांवर, सरकारवर, सगळ्यांवर त्याचे ताशेरे चालू. यंदाच्या मार्चमध्ये त्याला ताप आला. मधुराला वाटलं कोविड. टेस्ट निगेटिव्ह आली तरी ताप हटेना. हॉस्पिटलात नेल्यावर नर्सनं मोजा काढला... जे दिसलं ते मधुरानं मला सांगितलं, मी इथं लिहीत नाही. विष रक्तात पसरलं होतं. "ताई, तो मोजे घालूनच झोपायचा," मधुरा म्हणाली होती. "इथल्या थंडीत कोण नाही झोपत?"

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं. जगाची अक्कल काढणाऱ्या या माणसाला स्वतःच्या पायाकडे बघायला कमीपणा वाटला. ढुंकून पाहिलं नसेल त्यानं. आईला उचलून नेलेला मुलगा, आणि एवढी घमेंड! हा लेख मी त्याच रागानं लिहायला घेतला होता. त्याचा सिद्धपुरुष करणाऱ्यांच्या तोंडावर, तुमचा सिद्धपुरुष निव्वळ बेफिकीर होता, हे फेकायचं होतं.

गेल्या आठवड्यात काउंटीबाहेर जायची मुभा मिळाली आणि मी गाडी काढून मधुराकडे गेले. तिनं चहा केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "ताई, झूमवर तुम्ही काहीच बोलला नाहीत. तुम्हीच तर होतात तिथं. मला तुमच्याकडून ऐकायचं होतं." तिला काय ऐकायचं होतं ते मला दिसत होतं. त्या देवळाचाच तिला आता आधार होता. मी हात धुऊन येते म्हणून उठले.

जिन्याखाली इथल्या घरांत असतं तसं एक बारकं टॉयलेट आहे. आत गेले तर जमिनीवर पाट. आणि समोरच्या भिंतीवर, फरशीपासून वीतभर उंचीवर, स्क्रूनं पक्का बसवलेला एक आडवा आरसा. त्याच्या वर एक छोटा दिवा. बाहेरून मधुरा म्हणाली, "पाट बाजूला सरकवा हं, तो तसाच ठेवलाय मी. श्रीरंग तिथं ध्यानाला बसायचा. जपानहून आल्यावर सुरू केलं. रोज सकाळी कडी लावायचा, अर्धा अर्धा तास बाहेर यायचा नाही. मी कधी हाकसुद्धा मारली नाही."

मी पाटावर बसले. आरशात माझं तोंड दिसत नव्हतं, एवढ्या खाली तो लावला होता. दिवा लावला. उजव्या पायातला बूट काढला, मोजा काढला आणि पाय पुढं धरला. टाचेपासून बोटांच्या बेचक्यांपर्यंत सगळा तळवा लख्ख दिसला. आम्ही पेशंटना जे सांगून सांगून थकतो, ते याच्याइतकं नीट केलेलं मी कुणाच्या घरी पाहिलेलं नाही. मधुरा दारात येऊन उभी राहिली होती. आधी माझ्याकडे बघत होती, मग आरशात बघायला लागली. तिला थोडा वेळ लागला.

"म्हणजे त्याला दिसत होतं?"

"रोज," मी म्हटलं.

"मग मला का नाही सांगितलं?"

"पाय कापतील म्हणून. घाबरला होता गं तो."

श्रीरंग घाबरला होता, हे वाक्य आमच्या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं, मीही नाही. मधुरा दाराच्या चौकटीला टेकून खाली बसली आणि तोंडावर ओढणी धरून रडायला लागली, आणि मग मीही. दिवा तसाच चालू होता. फरशी गार होती... माझ्या पायाला ती लगेच कळली.