बोटशेडवरचा बर्फ

माझी मावसबहीण आशालता आणि तिचे यजमान शिरीषराव खांबेटे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, एका लांबट तळ्याच्या वरच्या टोकाला राहतात. तळ्याला नाव आहे, पण गावात सगळे नुसतं ‘लेक’ म्हणतात. शिरीषराव धरणावर इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावावर आलेल्या बर्फाच्या वादळांचा इतिहास लिहायला घेतला. तेव्हापासून त्या घरात धड जेवण होत नाही.

त्यांचं म्हणणं सरळ आहे. दक्षिणेचा गार वारा तळ्याच्या लांबीवरून येतो, पाण्यावरची वाफ उचलतो आणि आमच्या टोकाला बर्फ करून टाकतो. एका हवामानतज्ज्ञाने त्यांना कळवलं, तळं त्या मानाने लहान आहे. तरी पुरावा असल्यास पाठवावा. ते ‘पुरावा असल्यास’ शिरीषरावांच्या डोक्यात जाऊन बसलं.

पुरावा होता. फार पूर्वी एका हिवाळ्यात काठावरची बोटशेड, म्हणजे होड्या ठेवायची लाकडी शेड, बर्फाच्या भाराने बसली. त्याच दिवशी तळ्याच्या खालच्या टोकाला म्हणे भुरभुरसुद्धा नव्हती. साल कळलं असतं तर धरणावरच्या जुन्या नोंदींतून त्या दिवसाचा वारा काढता आला असता. एवढं एक साल. आणि ते वादळ पाहिलेला एकच माणूस उरला होता: कॉलिन, ऐंशी ओलांडलेला, मेंढ्या विकून एकटा राहणारा.

शिरीषराव दर गुरुवारी त्याच्याकडे जात. शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्या हिवाळाभर मी तिथे होते, त्यामुळे प्रत्येक गुरुवारची संध्याकाळ मला पाठ आहे. दार आपटायचं, टोपी खुंटीवर न अडकता खाली पडायची.

“आज म्हणाला अडुसष्ट! गेल्या खेपेला त्र्याहत्तर होतं!”

“अहो, त्याचं वय झालंय,” आशालता म्हणायची.

“वय? सगळ्या मेंढीकुत्र्यांची नावं ओळीने सांगतो तो. साल विचारलं की म्हणतो, ज्या वर्षी पाद्र्याचं लग्न मोडलं, त्या वर्षी. आता पाद्र्याचं लग्न मी कुठल्या नोंदीत शोधू?”

“तुम्ही तरी काय वेगळं करता? धाकट्या वन्सं कधी जन्मल्या विचारलं तर पानशेतच्या साली.”

“पानशेतचं साल अख्ख्या पुण्याला माहीत आहे!”

“मग पाद्र्याचं इथे असेल.”

यावर ते आतल्या खोलीत गेले आणि भाजी थंड झाली.

जुलैच्या शेवटी, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, शिरीषरावांना सर्दीने धरलं. आशालताने बेसनाचे लाडू डब्यात भरले आणि म्हणाली, “ताई, तू जरा कॉलिनकडे देऊन ये. तोही वाट बघत असेल.”

कॉलिनने दार उघडलं तेव्हा त्याची नजर माझ्या मागे रस्त्यावर गेली. “तो नाही आला?” शेगडीजवळ दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या. टेबलावर दोन कप, दोन स्कोन, म्हणजे चहाबरोबर खायचे छोटे पाव, आणि जॅमची न उघडलेली बाटली. भिंतीवर त्याच्या बायकोचा फोटो होता, कुशीत तान्हं मूल, मागे मोडलेली शेड आणि गुडघाभर बर्फ.

मी फोटोकडे बघते आहे हे त्याने पाहिलं.

“माझी मुलगी. त्याच आठवड्यात झाली ती,” तो म्हणाला.

“म्हणजे तुम्हाला साल माहीत आहे.”

“बाप आहे मी तिचा.” त्याने लाडू फोडला, चव घेतली, मान डोलावली. “टीचर, मी साल सांगितलं तर तो पुढच्या गुरुवारी येईल का?”

मी लाडवांचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

“सांगेन त्याला,” कॉलिन म्हणाला. “वसंत येऊ दे. हिवाळ्यात इथे फार शांत असतं.”

घरी आले तर शिरीषराव मफलर गुंडाळून वाटच पाहत होते. “काही बोलला?”

“लाडू आवडले म्हणाला. पुढच्या गुरुवारी बोलावलंय.”

“म्हणजे पुन्हा नवं साल!” ते खोकले, नाक पुसलं, पुन्हा भडकले. “ताई, इतकी वर्षं शिकवलंत तुम्ही. उत्तर येत असून न सांगणारा असा एखादा वर्गात असता, तर काय केलं असतंत?”

“शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं असतं.”

“अहो, तेच तर तो मला करतोय!” शिरीषराव ओरडले. “दर गुरुवारी!”

आशालताने माझ्याकडे पाहिलं. मी डबा धुवायला घेतला. कॉलिनने तो रिकामा पाठवला नव्हता. आत स्कोन होते, टेबलावर मांडलेले तेच दोन.