फिर्यादीची खुर्ची

आमचे हे एका मोठ्या शहराचे पोलीसप्रमुख होते. त्यांचं नाव मी उखाण्याखेरीज जन्मात घेतलं नाही, मग आता या वयात लिहून तरी कशाला घेऊ? शहराचंही राहू द्या. लांबचं शहर होतं, बंगल्याला लाल कौलं होती आणि दारात शिपाई होता, एवढं पुरे. तो शिपाई मला येता-जाता सलाम ठोकायचा. हातात भाजीची पिशवी असली की मला त्या सलामाची फार लाज वाटायची.

यांची कारकीर्द सांगायची तर खुर्चीपासून सुरुवात करावी लागते. यांच्या कचेरीत एक वेताची खुर्ची होती आणि तिच्यात फक्त फिर्याद घेऊन आलेल्या माणसानं बसायचं. साहेबानं उभं राहून ऐकायचं. "उभा माणूस साहेबाला आवडंल ते बोलतो, बसलेला माणूस घडलं ते बोलतो," असं यांचं म्हणणं. हाताखालच्या लोकांना ही रीत अजिबात सोसायची नाही. साहेब उभे म्हटल्यावर सगळ्यांनाच उभं राहावं लागायचं, आणि एखादी म्हातारी सुनेचं गाऱ्हाणं घेऊन आली की सगळ्या कचेरीच्या पोटऱ्या भरून यायच्या.

संशयावरून माणूस उचलायचा नाही आणि उचललाच तर त्याच्या अंगाला हात लावायचा नाही, हे यांचे दोन हुकूम. ते पाळावे लागायचे म्हणून कितीतरी फौजदार यांच्यावर दात खाऊन असायचे. एकदा शहरात दोन मिरवणुका एकाच चौकात समोरासमोर आल्या आणि कुणीच मागं सरेना. वरून निरोप आला की बंदूक चालवा. यांनी दोन खुर्च्या मागवल्या, दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना भर चौकात बसवलं आणि स्वतः उन्हात मधोमध उभे राहिले. बसून बसून दोघांनाही ऊन लागलं तेव्हा कुठं समझोता झाला. एकही गोळी न चालवता मिरवणुका पार पडल्या आणि यांना चांदीचा तमगा मिळाला. त्याला लाल रेशमाची फीत होती. त्या तमग्याला यांनी जितकं जपलं तितकं आमच्या लेकरांनासुद्धा जपलं नसेल.

नोकरी संपली तसे आम्ही आष्टीला, यांच्या गावी, शेतीवर परत आलो. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. बैलगाडीतून सामान उतरलं त्यात पहिली ती खुर्ची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यावर मांडून हे शेजारी उभे राहिले. मी म्हटलं, "अहो, आता तुमाला पगार कोण देऊन राह्यलं?" तर म्हणाले, "ऐकून घ्यायला पगार लागत न्हाई."

गावानं दोन-चार दिवस लांबून मजा बघितली आणि मग रीघ लागली. कुणाची शेळी कुणाच्या कडब्यात शिरली, कुणाच्या सासूनं तुपाचं मडकं लपवलं, सगळं आमच्या ओट्यावर. यांच्या हाती ना अधिकार ना शिपाई, पण माणसं बोलून मोकळी व्हायची आणि अर्धी भांडणं तिथंच मिटायची. किराणा दुकानाचे शेठजी तर रोज यायचे. त्यांचं घराणं राजस्थानातून कितीतरी पिढ्यांपूर्वी आलेलं, पण खुर्चीत बसले की काल आल्यासारखे गावाबद्दल तक्रार करायचे. पोरं गुळाचे खडे पळवतात, ही त्यांची कायमची फिर्याद. ते बोलत बसायचे आणि हे गुडघे चोळत ऐकायचे.

याच शेठजींच्या डोक्यात यांचा सत्कार करायचं आलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाजार भरायचा, त्याच संध्याकाळी करू म्हणाले. साहेबांनी तमगा लावूनच यायचं, अशी अट घातली. हे वरवर "कशाला, कशाला" म्हणत होते आणि आतून कोट कडक इस्त्रीचा करून ठेवत होते.

आता आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. शेतकरी विळा-कोयता पुजतात, सुतार रंधा पुजतो. यांनी पाटावर आपला दंडा, कमरेचा पट्टा आणि तमगा मांडला, वर झेंडूची फुलं वाहिली, इतकी की खालचं काही दिसेना. दसऱ्याच्या दिवशी सकाळी पूजा उचलली, दुपारी पारधीण मागच्या दारी मध घेऊन आली आणि संध्याकाळी सोनं द्यायला अर्धं गाव घरात येऊन गेलं.

पारधीण आमच्याकडं कायम यायची. मध, डिंक, बिब्बे घेऊन यायची आणि मला 'माय' म्हणायची. त्या लोकांना जन्मापासूनच चोर धरायचे, रोज चावडीवर हजेरी द्यायला लावायचे. तो कायदा नुकताच उठला होता. उठला त्या दिवशी यांनी ओट्यावर उभं राहून लहानसं भाषणच केलं होतं, की जन्मावरून माणूस गुन्हेगार ठरत नाही. शेठजींनी टाळ्याही वाजवल्या होत्या. मला त्या दिवशी यांचा अभिमान वाटला होता.

सत्काराच्या दिवशी सकाळी कोट अंगात घातला आणि तमगा बघतात तर नाही. कपाट झालं, ट्रंक झाली, माझे डबेसुद्धा उपसून झाले. मग हे एकदम थांबले आणि मला म्हणाले, "काल ती पारधीण आल्ती न्हाई का?"

मी म्हटलं, "काल सगळंच गाव आल्तं."

 पोलीस पाटील ओट्यावर आले तेव्हा हे त्यांना एवढंच म्हणाले, "जरा तिला विचारून बघा. हात मात्र बिलकुल लावायचा न्हाई." शहराच्या साहेबानं 'जरा' म्हटलं की पाटलाला ते केवढं वाटतं, हे मला विचारा. घटकाभरात पारधिणीला बाजारातून उचलून चावडीपुढं उन्हात उभी केली. तिची मधाची घागर आणि विळा ठेवून घेतला आणि संध्याकाळच्या मोटारीनं तिला परतूरच्या ठाण्यात पाठवायचं ठरवलं. तिथं एकदा गेलं की काय होतं, ते पोलिसाच्या बायकोला कुणी सांगायला नको. प्रत्येक ठाण्यात काही आमच्यासारखी खुर्ची नव्हती.

ही बातमी मला पाणी भरणाऱ्या बाईनं सांगितली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातलं पीठ तसंच ठेवलं, पदर खोचला आणि ओट्यावर आले. मी बाहेरच्या ओट्यावर चारचौघांत कधी येत नसे. शेठजी, पाटील आणि आणखी काही मंडळी सत्काराचं बोलत होती. मी सरळ गेले आणि खुर्चीत बसले.

हे घाबरले. "घेरी आली का?" म्हणाले.

"न्हाई. फिर्याद हाय."

हे पायरीवर बसले होते. आपल्याच रीतीप्रमाणं उठून उभे राहिले. 

"कोणावर?"

"नाव घेता येत न्हाई," मी म्हटलं.

 शेठजींनी हसू दाबत म्हटलं, "मंग वहिनी, उखाण्यात घ्या." त्यांना वाटलं, सणासुदीची थट्टा चालली आहे. मी म्हटलं, घेते. आणि लग्नानंतर पहिल्यांदाच न लाजता उखाणा घेतला:

"चांदीच्या तमग्याला लाल रेशमाची फीत,
...रावांनी मोडली आज आपलीच रीत."

नाव मी तेव्हा मोठ्यानं घेतलं. इथं गाळते. मंडळी हसली, पण हे हसले नाहीत.

"सांग," म्हणाले.

"काल घरात किती माणसं आल्ती?"

"अर्धं गाव."

"आणि चावडीपुढं किती हायेत?"

"एकच."

"सोनं द्यायला आलेले सगळे बैठकीत येऊन बसल्ते, पूजा मांडल्ती तिथंच. ती पारधीण उंबऱ्याच्या आत आल्ती का?"

"न्हाई," हे हळूच म्हणाले.

"तिला आपण कधी आत घेतलंय का? आत न आलेली बाई आतला तमगा कसा नेईल? शहरात असं कुणी केलं असतं तर तुमी त्याचा पट्टा काढला असता. माझी फिर्याद एवढीच हाय."

पाटील खाली बघायला लागले. हे पायरी उतरले आणि तसेच, पायात काही न घालता, चावडीकडं चालू लागले. डोक्याला फेटासुद्धा नव्हता. मागं सगळी मंडळी आणि त्यांच्या मागं मी. चावडीपुढं जाऊन यांनी घागर आणि विळा स्वतः उचलून तिच्या हातात दिला. "चूक झाली, बाई," म्हणाले.  उन्हानं तिचे ओठ सुकले होते. घागर कमरेवर घेतली आणि निघून गेली.

संध्याकाळी तमग्याशिवायच सत्कार झाला. यांनी नको म्हटलं होतं, पण शेठजींनी हार आधीच करवून घेतले होते आणि हार वाया जाणं त्यांना मंजूर नव्हतं. गळ्यात झेंडूचा हार पडला, तसा यांचा हात हाराशी गेला आणि तिथंच थांबला. बराच वेळ हे फुलांकडं बघत राहिले. मला वाटलं, भरून आलं. आणि हे म्हणाले, "चोर सापडला."

सगळी सभा मागं वळून बघायला लागली.

"मीच," हे म्हणाले. "खंडेनवमीची फुलं मीच उपरण्यात गोळा केल्ती. निर्माल्य म्हणून मीच ओढ्याच्या डोहात सोडून आल्तो. तमगा त्या फुलांतच होता."

अशी हसली सभा, की मांडवाच्या कनाती हलल्या. शेठजी म्हणाले, "काखेत कळसा अन् गावाला वळसा." पाटलांनी हात जोडून विचारलं की साहेबांना मोटारीनं परतूरला न्यायचं का. पुढं वर्षभर आष्टीत कुणाचं काही हरवलं की लोक म्हणायचे, आधी आपल्या देवाची फुलं बघ. पोरांनी डोहात बुड्या मारमारून शोधलं, तमगा काही मिळाला नाही.

हे सभेत हसले आणि घरी आल्यावर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून खुर्ची मांडून वाट बघायला लागले. शेळ्यांच्या, सासवांच्या, गुळाच्या फिर्यादी आल्या. पारधीण आली नाही. बाजाराच्या दिवशी ती आमच्या दारावरून जायची, पण पलीकडच्या कडेनं, मान न वळवता. हे मला म्हणाले, "तिला सांग, माझ्यावर फिर्याद द्यायला ये म्हणून. बराबर ऐकून घेतो."

मी एक दिवस तिला वाटेत गाठलं आणि निरोप सांगितला. ती बिब्ब्यांचं गाठोडं सावरत म्हणाली, "माय, तुमच्या खुर्चीवर बसून बोलीन बी. मंग उठून मला पायीच जायाचंय न्हाई का, ह्याच रस्त्यानं, त्या चावडीपुढून?"

 घरी येऊन यांना ते जसंच्या तसं सांगितलं. हे खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, "शहरात जे आले त्यांचंच मी ऐकलं. न आलेले किती असतील गं?" मला वाईट वाटलं. इतक्या वर्षांत यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता ज्याचं उत्तर यांनाही ठाऊक नव्हतं.

पुढच्या बाजाराला सकाळी खुर्ची ओट्यावर मांडली, पण हे शेजारी नव्हते. मी जाऊन बघितलं तर चावडीपुढं, तिला उभी केली होती बरोबर त्याच जागी, उन्हात उभे. पारधीण घागर घेऊन पुढून गेली. ती गेल्यावर हे घरी आले. त्यानंतर प्रत्येक बाजाराला जायचे. गुडघे दुखायचे, मी ओरडायची, तरी जायचे. एकदा पाटलांनी हसत विचारलं, "साहेब, इथं कामून उभे?"

"हजेरी द्यायला आलोय," हे म्हणाले.